एकोणीस बार

“ऐकणारे लई हायत, मोजणारा एकच लागतो,” असं गुरुबसप्पा एकदा म्हणाला होता. खाण व खडी मालक संघानं त्याला जवळजवळ त्या एका वाक्यावर नोकरीला ठेवलं.

विजापूर रोडपलीकडच्या माळावर काळ्या फत्तराच्या दोन खाणी होत्या. एक संघाचे अध्यक्ष हिंदुराव यांची, दुसरी सिद्धप्पाची. दोन्हींच्या मधल्या टेकाडावर गुरुबसप्पा उभा राहायचा. भोकांत दारू भरून वाती पेटवल्या की माणसं लांब पळायची आणि हा बार मोजायचा. जेवढी भोकं तेवढे बार झाले तर हिरवं फडकं. एक जरी कमी पडला तर लाल, आणि मग अर्धा तास कुणी खाली उतरायचं नाही. न उडालेली वात आत धुमसत असते, मनाला येईल तेव्हा उडते.

त्याआधी वीस वर्षं तो स्वतः वाती पेटवत होता. अक्कलकोटकडचं कोरडवाहू गाव सोडून सतराव्या वर्षी रेल्वेच्या खडीवर आला, तो दगडातच राहिला. डावा कान दगडानं नेला. उरलेल्या एका कानावर त्याचा फार विश्वास होता. मोजायचा मात्र कानडीत, ओठांतल्या ओठांत. ओंदु, एरडु, मूरु. ही सवय घरीही सुटेना. जेवताना ओठ हलायला लागले की बायको जगदेवी म्हणायची, “माझ्या भाकरी मोजताय का काय? दोनच हायत, खावा.”

पूर्वी दोन्ही खाणी वेगवेगळ्या उडत. बाराला एक, साडेबाराला दुसरी. चौऱ्याहत्तर साली शहराच्या दक्षिणेला कॉलन्या उठायला लागल्या, खडीला मागणी आली, आणि संघानं ठराव केला की दोन्ही खाणी एकदमच, बाराच्या ठोक्याला उडवायच्या. काम एकदाच थांबेल.

त्या बैठकीत गुरुबसप्पा दाराशी उभा होता. तो म्हणाला, “मालक, दोन बार एकावर एक पडले तर एकच ऐकू येतो. मोजू कसं?”

सिद्धप्पा हसला. “अण्णा, तुमचा एक कान माझ्या खाणीला, दुसरा अध्यक्षांच्या खाणीला लावा की.”

“दुसरा हाय कुटं त्याला?” कुणीतरी म्हणालं, आणि सगळी बैठक हसली. गुरुबसप्पाही हसला. त्या हसण्याचा त्याला पुढं फार राग आला.

झालं त्यानं सांगितलं तसंच. वीस भोकं असली की अठरा ऐकू यायचे, कधी एकोणीस. तो लाल फडकं धरायचा. अर्धा तास सगळं ठप्प. नंतर उतरून बघावं तर सगळी भोकं फुटलेली. दोन बार एकावर एक पडलेले, एवढंच. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा हिंदुराव टेकाडावर चढून आले. “गुरुबसप्पा, म्हातारपण लागलं का रं? का सावलीत बसायला मिळतंय म्हणून थांबवतोस?”

त्यानंतर त्याला टेकाडावर उभं राहवेना. पायाखालचा दगड तापलेला असल्यासारखा तो या पायावरून त्या पायावर होई.

पुढच्या मंगळवारी वीस भोकं होती. त्यानं मोजले. हत्तोंबत्तु. एकोणीस. मग धूळ, आणि खालून पाट्या घेतलेल्या बायांची नजर वर त्याच्याकडे. एकावर एक पडला असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. लाल फडकं उजव्या हातात होतं, आणि हिरवं डाव्या हातानं वर गेलं.

बसव्वा सगळ्यांच्या पुढं होती. दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला शिकलेली, नेहमी पहिली उतरायची. विसावा बार ती उतरल्यावर उडाला. सिव्हिलमध्ये तिचा उजवा हात मनगटापासून काढला.

शुक्रवारी दुपारी संघाच्या कचेरीत त्याला बोलावलं. सिमेंटच्या दुकानावरची एकच खोली, टेबलावर एक कागद. हिंदुरावांनी वाचून दाखवला: निशाण होण्याआधीच बाई खाणीत उतरली.

“निशाण झालं हुतं,” गुरुबसप्पा म्हणाला.

“उद्या सरकारी साहेब चौकशीला यायचाय. सही कर.”

“अशी सही केली तर तिला भरपाई मिळायची न्हाय.”

“आन् न्हाय केली तर?” सिद्धप्पा म्हणाला. “अण्णा, दोष कुणावर तरी जायचाच.”

“मी म्हनलं हुतं, खाणी येगयेगळ्या उडवा.”

हिंदुरावांनी ठरावाची वही उघडून त्याच्यापुढं सरकवली. “दाखव, कुटं लिहिलंय?”

वहीत ठराव होता. दाराशी उभं राहून बोललेलं कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

“मग माझी चूक लिवा. एकोणीसच झाले हुते. मला ठावं हुतं.”

हिंदुराव हळू आवाजात म्हणाले, “येड्यासारखं करू नकोस. तू संघाचा माणूस. तुझी चूक ती संघाची चूक. सही केलीस तर जमतंय तोवर टेकाडावर राहा. न्हाय तर या वयात तुला कोण ठेवतंय?”

खरं तर त्याला सही करायची होती. अठ्ठावन्न वय, एक कान, घरी जगदेवी. त्यानं पेन उचललंसुद्धा. लिहायला वाकला आणि डोळ्यांपुढं बसव्वा आली नाही, हॉस्पिटल आलं नाही. आला तो स्वतःचा डावा हात, वर जाणारा.

त्यानं ते वाक्य खोडलं. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: बार वीस पायजे होते. एकोणीस मोजले. तरी हिरवं मी दाखवलं. दोन्ही खाणी एकदम उडवू नका म्हणून बैठकीत बोललो होतो. मग सही केली.

“आण हिकडं तो कागद,” हिंदुराव उठले.

गुरुबसप्पानं कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“कुटं निघालास? साहेबाला दावणार हायेस व्हय? गुरुबसप्पा, तुझ्याशी बोलतोय मी!”

गुरुबसप्पानं वहाणा पायात सरकवल्या, आणि तो जिना उतरून गेला.