बोलणी संपेपर्यंत चहा नाही

ज्याच्याशी बोलणी चालू असत त्याचा चहा तात्या पीत नसत. कोणी कप पुढे केला की दोन बोटांनी बाजूला सारत आणि म्हणत, "चहा घेतला की जीभ गोड व्हते. आपल्याला कडू बोलायचं हाय." आमच्याकडच्या कबड्डीचं आज जे काही करून ठेवलं आहे ते बघते तेव्हा माझं डोकं फिरतं. एकेका कपावर खेळ विकणारी माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

तात्यांचा हमरापूरला गणपतींचा कारखाना होता, आणि कबड्डीची पंचगिरी हा त्यांचा दुसरा संसार. मी हाफ पँट घालून मैदानात उतरणं माझ्या वडिलांना पसंत नव्हतं. तात्या आमच्या ओटीवर येऊन बसले. "व्हय म्हनशील तवाच उठेन," म्हणाले. आईने केलेला चहा तसाच निवला. वडिलांनी होकाराची मान हलवली, मग मात्र तात्यांनी दोन कप मागून घेतले. मी आज पेणच्या शाळेत खेळ शिकवते ती त्या बैठकीमुळे.

पुढे गावोगावचे सामने मोबाइलवर लाइव्ह दिसायला लागले. डोलवीला कंपनीत शिफ्टवर असलेला भाऊ जेवणाच्या सुट्टीत बहिणीची चढाई बघू लागला. आमची एक मुलगी अशीच लाइव्हवर दिसली आणि मुंबईच्या एका संघाने तिला नोकरीसकट बोलावून घेतलं. तेव्हापासून तात्यांचं एकच पालुपद, "पोरगी दिसली पायजे. दिसली तर पुढं जाईल."

मग एक प्रक्षेपणवाली कंपनी आली. तिला पेण आणि रोह्याच्या सगळ्या मंडळांच्या सामन्यांचे हक्क हवे होते, आणि दुसऱ्या कोणी साधा मोबाइलही मैदानात धरायचा नव्हता. तात्यांनी त्यांना कारखान्यात बोलावलं आणि न रंगवलेल्या गणपतींच्या मध्ये, प्लास्टरच्या गोणींवर बसवलं. साहेब लोक उठले तेव्हा काळ्या पँटी मागून पांढऱ्याफेक झाल्या होत्या. तात्यांची अट एकच होती : हक्क हवे असतील तर मुलींचे सामनेही पहिल्या फेरीपासून दाखवायचे. कंपनीला मुली नको होत्या. पण मंडळं एकत्र राहिली तर ती वाकेल, हे तात्यांना कळत होतं.

म्हणून त्यांनी सगळ्या अध्यक्षांना गावदेवीच्या देवळात नेलं. प्रत्येकाने नारळ ठेवला : विकू तर एकत्र, नाहीतर नाही. मी म्हटलं, "तात्या, सह्या पण घ्या." ते माझ्यावरच उखडले. "देवीसमोर नारल ठेवलाय, बाय. त्याच्यावर सही मागू? मानसांचा अपमान करू?" आमच्याकडे गावकीचे तंटे त्या नारळावर मिटतात. त्यांनी तोच नारळ कंपनीच्या बाजारात चालेल असं धरलं.

महिन्याच्या आत रोह्याच्या सगळ्यात मोठ्या मंडळाच्या अध्यक्षाने परस्पर करार केला. पाठोपाठ बाकीचेही एकेक करून गेले. तात्या पहिल्या गाडीने रोह्याला निघाले, मीही सोबत गेले. अध्यक्ष हसत सामोरा आला. "बसा तात्या. चहा सांगतो."

"नारल ठेवलावतास ना रे?"

"ठेवला ना. पन देवीसमोर ठेवला, कंपनीसमोर नाय."

"आनि पोरींच्या मॅच?"

"त्यांना कोन बघतो, तात्या?"

मी तिथे उभी होते. सात वर्षं या तालुक्यांसाठी गुडघे फोडून घेतलेली मी, त्याच्यासमोर उभी होते. तात्या उठले. स्टेशनपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. तात्यांचा नाही, त्यांची मान खाली घालायला लावणाऱ्याचा.

त्या हंगामात मुलींचे सामने भर दुपारी उरकले. मैदानात कॅमेरे उभे होते, पण त्यांच्यावर गोणपाट टाकलेलं. आमच्या कॅप्टनच्या आईने मोबाइल वर धरला तर कंपनीचा माणूस धावत आला, "हक्क आमचे आहेत, बंद करा." तिच्याच लेकीचा खेळ, आणि हक्क यांचे! पंचांच्या खुर्चीतून तात्या उठले, शिट्टी टेबलावर ठेवली आणि घरी गेले. ते पुन्हा मैदानावर आले नाहीत. यंदाच्या गणपतीत शेवटची मूर्ती कारखान्यातून गेली, आणि पाठोपाठ तेही गेले.

परवा त्याच अध्यक्षाने मला बोलावलं. येत्या हंगामाच्या फायनलला तात्यांना श्रद्धांजली द्यायची म्हणे, लाइव्हवर, मोठ्या पडद्यावर फोटो लावून. तात्यांच्या घरच्यांनी सांगितलंय म्हणाला, फोटो तुझ्याकडून घ्यायचा आणि दोन शब्दही तूच बोलायचे. माझ्या अंगाची आग झाली. जिवंतपणी ज्याचा शब्द मोडला, त्याचा आता फोटो हवा! उठून जावं असं वाटलं. पण मी खुर्ची पुढे ओढली.

"मुलींचे सामने लाइव्ह. पहिल्या फेरीपासून. आणि या वेळी सही करून. मग फोटो."

"कंपनीला इचारावं लागंल गो."

"विचारा. मी बसलेय."

मला चहा सांगून तो फोन घेऊन बाहेर गेला. बराच वेळ गेला. आत आला तेव्हा माझ्यासमोरच्या कपावर जाड साय धरली होती.

"ते बघतो म्हनतात," तो म्हणाला. "तू चहा तरी घे."

मी कप दोन बोटांनी बाजूला सारला.