गेलनच्या गाडीत पाठ दुखत नाही

आपल्याला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नाही, असं ऑर्डेल हॉगन सांगायचा, आणि या हिवाळ्यापर्यंत ते खरंही होतं. नॉर्थ डकोटात त्याने जन्मभर शुगर बीटचे, म्हणजे साखर काढतात त्या बीटाचे ट्रक हाकले. चिखल, बर्फ, कारखान्यापुढची रांग, थर्मासमधली गार कॉफी. शेजाऱ्याने नवा ट्रॅक्टर घेतला की हा त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, "बरा आहे" म्हणायचा आणि घरी येऊन पोटभर जेवायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर घेतलं, पेट्रोलवर चालणारं. थंडी पडली की बायकोला, आर्लिसला, शेजारी बसवायचं आणि अर्धा देश दक्षिणेला उतरून ॲरिझोनात युमाच्या मोटरहोमवाल्यांच्या पार्कात येऊन पडायचं. त्या गाडीचं इंजिन पुढेच, दोघांच्या खुर्च्यांच्या मध्ये. चढ लागला की ते असं गर्जायचं की एकमेकांशी बोलायचं तर भांडल्यासारखं बोलावं लागे. म्हणून मग ती दोघं बोलत नसत. आर्लिस मांडीवर रुमाल पसरून संत्रं सोलायची आणि एकेक फोड त्याच्या हातावर ठेवायची. प्रवास म्हटला की ऑर्डेलला रस्ता आठवत नसे, ती फोड आठवे.

पण मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून आर्लिसची पाठ कामातून गेली होती. या वर्षी खाली येताना ती प्रत्येक मुक्कामाला आडवी व्हायची ती उठायचीच नाही. युमाला पोचल्यावर तिने शांतपणे सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी तू घेऊन ये हा खटारा. मी विमानाने येते."

"एकटा येऊ?"

"मोठा झालास आता."

हसून बोलली, पण बोलली ते खरं होतं.

दोन गाड्या सोडून गेलन स्ट्रो उतरला होता. आयोवाचा, विधुर, बोलायला मवाळ. भांडी स्वतः घासायचा आणि त्याबद्दल चारचौघांत अवाक्षर काढायचा नाही. थोडक्यात, समस्त नवऱ्यांच्या दृष्टीने अत्यंत घातक इसम. त्याच्याकडे डिझेलचं मोटरहोम होतं. इंजिन पार मागे, खाली स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी हादरे गिळणारे हवेचे फुगे. संध्याकाळी सगळे खुर्च्या मांडून बिअर घेत बसले की ऑर्डेल त्या गाडीची यथेच्छ टिंगल करायचा. "राजवाडा आहे बाबा. आम्ही गरीब माणसं, आम्हाला चाकं पुरतात." गेलन आपला हसायचा.

मग गोधड्यांचं प्रदर्शन आलं, क्वार्टझाइट गावात. पार्कातल्या बायकांच्या गोधड्या न्यायच्या होत्या आणि ऑर्डेलच्या गाडीतला गीझर नेमका त्याच दिवशी गळायला लागला. गेलन म्हणाला, मी नेतो सगळ्यांना. पाठीचं म्हणून आर्लिसला पुढची खुर्ची मिळाली.

परतली ती हसतच खाली उतरली. चांगली ताठ.

"पाठ?" ऑर्डेलने विचारलं.

"अरे हो, पाठ. विसरलेच होते मी."

"डिझेल ना. इंजिन मागे असतं, पुढे काही कळत नाही."

"असेल बाबा. मला इंजिनातलं काय समजतं?"

"आणि एवढं हसायला काय झालं होतं?"

"काही नाही रे. गेलन काहीतरी बोलला."

काय बोलला ते तिने सांगितलं नाही आणि विचारायला ऑर्डेलची जीभ वळली नाही. त्याला हेवा वाटला. साधासुधा नाही, जेवण कडू करणारा. आपल्याला गाडीचाच हेवा वाटतोय, असं तो स्वतःला बजावत राहिला, कारण गाडी विकत मिळते.

दुसऱ्या दिवशी गेलनने त्याला आपल्या गाडीखाली वाकलेला पकडला.

"काय हरवलं का रे?"

"छे. टायर चांगले आहेत तुझे."

"आर्लिसला सांग, पुढच्या आठवड्यात पुन्हा जातोय मी. यायचं तर ये म्हणावं."

"सांगतो," असं म्हणून ऑर्डेल घरी आला आणि सांगितलं नाही. त्याऐवजी म्हणाला, "चल, गाड्या बघून येऊ."

मोटरहोमच्या बाजारात एक जुनी खोड आहे. गाडी चालवून बघतो नवरा, मान डोलावतो नवरा, आणि पुढे हजारो मैल हादरे खाते बायको. चालकाच्या खुर्चीखाली हवेची उशी असते. शेजारची खुर्ची सरळ जमिनीला ठोकलेली. ऑर्डेलही त्याच खोडीतला. तो आपल्या जुन्या गाडीतूनच आर्लिसला विक्रेत्याकडे घेऊन गेला आणि आधी नवीन पेट्रोल गाडी घाटात चढवून आणली. इंजिन ठणाणा करत होतं. मग तोच घाट डिझेलमध्ये. ही गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढली. कोल्बी नावाचा विक्रेता मागच्या सोफ्यावरून म्हणाला, "साहेब, फरक बघताय ना?" ऑर्डेलचा चेहरा फुलला. त्याने मनातल्या मनात गेलनच्या गाडीशेजारी ही गाडी उभी करूनही टाकली.

"आता?" त्याने विचारलं.

"बरी आहे. आवाज नाही."

"आणि पाठ?"

"त्या पुलाच्या सांध्यावर कळ आली."

"एवढंच?"

"मला एवढी पुरते रे."

ऑर्डेलने गाडी कडेला घेतली. इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर पडलं. "अगं, गेलनची हीच गाडी आहे. हेच फुगे, हेच इंजिन. त्याच्यासाठी काय पूल उचलून बाजूला ठेवतात? त्याच्या गाडीत तुझी पाठ दुखत नाही आणि माझ्या शेजारी बसलीस की दुखते. हे काय आहे काय नक्की?"

कोल्बी खिडकीबाहेर निवडुंग बघायला लागला.

"तो सांगतो," आर्लिस म्हणाली.

"काय सांगतो?"

"सांधा येतोय, धरून बस. रूळ येतायत, धरून बस. आधीच सांगतो. मग मी हातांवर भार घेते, पाठ उचलून धरते आणि काही होत नाही. त्याच्या बायकोची, विल्डाची हाडं शेवटी ठिसूळ झाली होती ना, तेव्हाची सवय. ती गेली, तरी सुटत नाही म्हणतो. एकदा एकटाच होता, रूळ आले तेव्हा मोठ्याने म्हणाला, धरून बस. आणि मग स्वतःच धरून बसला. त्यावर हसत होतो आम्ही त्या दिवशी."

ऑर्डेलने गाडी वळवली आणि विक्रेत्याच्या आवारात आणून उभी केली. कोल्बीने किमतीचा विषय काढला तेव्हा "कळवतो" म्हणाला, किल्ली त्याच्या हातात दिली आणि आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसला.

आता हेवा जास्तच जळत होता. फुगे विकत घेता आले असते. हे कुठून आणायचं? रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आधी त्यालाच दिसत आला होता. आर्लिसची नजर खाली, संत्र्यावर. इतक्या वर्षांत त्याने तिला एकदाही सांगितलं नव्हतं, आणि त्यात दुष्टपणा नव्हता, सुचलंच नव्हतं. बीट कधी तक्रार करत नाहीत. आणि गेलन हे कशातून शिकला ते कळूनसुद्धा त्याला त्या माणसाचा राग येत होता, आणि राग येतो याची लाज वाटत होती. पुढच्या वर्षीचा तो स्वतः त्याला दिसला: शेजारची खुर्ची रिकामी, आणि बायको जिवंत असून विमानात.

गावाबाहेरचे रूळ समोर दिसले. वाक्य दुसऱ्याचं होतं, ओठांवर येईना. कसंबसं आलं.

"रूळ आहेत. धरून बस."

आर्लिसने दचकून त्याच्याकडे पाहिलं. आणि बोलण्याच्या नादात ऑर्डेल वेग कमी करायचं विसरला. कपाटं उघडली, मागे डबे गडगडले, आर्लिसने ओठ दाताखाली धरला. मग म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पण तो हळूही घेतो."

ऑर्डेलचे कान तापले. तो म्हणजे तो. नाव घ्यायचीही गरज नव्हती.

पुढे कालव्यावरचा पूल होता. त्याने फार आधी पाय उचलला. गाडी रांगायला लागली. मागून भोंगे वाजले, एका पिकअपवाल्याने शेजारून जाताना हातवारेही केले. ऑर्डेलने लक्ष दिलं नाही. आवाज गेलनसारखा मऊ काढायचा त्याचा विचार होता, पण निघाला तो कारखान्याच्या वजनकाट्यावरचा.

"आर्लिस! सांधा! धरून बस!"

तिने दोन्ही हातांवर भार घेतला. पुढची चाकं गेली, मागची गेली.

"ओरडतोस कशाला?" ती म्हणाली. "इथेच आहे ना मी."