जांभळी जर्सी

मामांच्या अंगावर जांभळा रंग मी चढवला. प्रेसवाल्यांनी नाही, मालकांनी नाही, मी. मामा आता नाहीत, आणि वरचं पहिलं वाक्य उच्चारायला मला फार वर्षं लागली, म्हणून ते आधी लिहून टाकतो.

मामा म्हणजे आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर. त्यांना काहीही द्या, चहाचा ग्लास, वर्तमानपत्र, प्रसादाचा नारळ, ते दोन्ही हातांनी घेऊन आधी छातीशी धरत. "हाताला लागलं म्हंजे सुटाय न्हाई पायजे," म्हणत आणि हसत. कधीकधी चहा शर्टावर सांडायचा. पद्धत बदलली नाही.

कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे ते तुम्हांला ठाऊक असेल. पेठेची तालीम, तालमीचा संघ, संघाचा रंग. आमचा पिवळा, पलीकडच्या पेठेचा जांभळा. बारशाला जांभळं झबलं आणणाऱ्या आत्याला आमच्याकडं कुणी बस म्हणत नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका चहा पावडरच्या कंपनीत जाहिरातीचं काम बघत होतो. हल्ली मोबाईलवर कुणी क्रीम लावून दाखवतं, कुणी मसाला, त्यांना इन्फ्लुएन्सर म्हणतात. आमच्या वेळी हा शब्द नव्हता. मी मालकांना एवढंच म्हणालो, "नट-नट्या नकोत. पेठ ज्याचं ऐकते असा माणूस घेऊ." मामांच्या सांगण्यावरून लोक डॉक्टर बदलत, कारण मामा उगाच कशाची भलावण करत नसत.

मामांनी लगेच होकार दिला नाही. "आदी घरात पिऊन बघतो. आमच्या मंडळीला आवडला तर बोलू." आठवडाभरानं आले. "चहा खरंच चांगला हाय. पर अंगावर रंग आमचाच पायजे. आनि सराव झाल्यावर पोरास्नी चहा तुमचा." मी हो म्हणालो. पिवळी जर्सी घालून, ग्लास छातीशी धरून त्यांचा फोटो निघाला. इतका खरा फोटो मला नंतर कुठल्याच जाहिरातीत मिळाला नाही.

मालक सांगलीकडचे. त्यांना रंग म्हणजे नुसता रंग. "पाकीट जांभळं आणि माणूस पिवळा? डोळ्यांत खुपतंय," म्हणाले. प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर जर्सी जांभळी झाली आणि नमुना माझ्यापुढं आला. मी बराच वेळ बघत राहिलो. मालकांना एकदा नीट सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. पण मालकांपुढं अडून बसायची माझी हिंमत नव्हती. शिवाय मनात आलं, असा रंग असेल तर पलीकडच्या पेठेतही चहा खपेल.

"चालेल," मी म्हणालो.

पोस्टरं मैदानाच्या भिंतीवर लागली त्या दिवशी दोन्ही पेठांचा सामना होता. गर्दीचा दिवस म्हणून तो मीच निवडला होता. पलीकडची पोरं नाचत होती, "मामा आले, मामा आले, घर सोडून मामा आले!" आमच्या बाजूला कुणी बोलेना.

आमच्या तालमीची एक रीत होती. सामन्याआधी गोलकीपरला हातमोजे मामांनी चढवायचे. मामा नेहमीसारखे फाटकाशी हात पुढं करून उभे होते. आमचा गोलकीपर मोजे आधीच घालून आला आणि मान खाली घालून आत गेला. मामांचे हात तसेच पुढं राहिले.

ते माझ्याकडं वळले. "व्हय रं, छापायच्या आदी तू बघितलं हुतंस?"

"न्हाई मामा. प्रेसवाल्यांनी परस्पर केलं."

"मग झालं की! उगंच मनाला लावून घेऊ नगंस."

त्याच संध्याकाळी त्यांनी तालमीत जाऊन सगळ्यांना सांगितलं, "पोराची चूक न्हाई. प्रेसवाल्यांनी घोळ केला." मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, आता ह्याची बी जाहिरात करालायसा व्हय?" हशा झाला. मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो.

मामांनी मैदानावर जाणं सोडलं. गोल झाला की ओरडा त्यांच्या गल्लीपर्यंत यायचा. कुणी मारला, हे विचारायलाही ते बाहेर येत नसत. इकडं चहा खपला, मला बढती मिळाली. नव्या पोरांना काम शिकवताना मी ही जाहिरात नमुना म्हणून सांगायचो. फोटो मात्र कधी दाखवला नाही.

काही वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं. मुलाकडची माणसं पेठेत चौकशीला आली आणि नेमकी मामांना भेटली. मामा म्हणाले, "डोळं झाकून सोयरीक करा. भाऊ तिचा शब्दाचा पक्का हाय." लग्न ठरलं. मला जेवण जाईना.

मी त्यांच्या घरी गेलो. उभ्याउभ्याच सांगितलं, "मामा, ते पोस्टर मी बघितलं होतं. बघूनच हो म्हणालो."

मामा म्हणाले, "म्हंजे तालमीत मी खोटं बोललो म्हण की."

मी काही बोलू बघत होतो. त्यांनी हात वर केला. "पावणं, हितं नको. तिथं जाऊन बोला."

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. मामांनी मला अंगाखांद्यावर खेळवलेलं.

रविवारी सकाळी सामन्याला निघायच्या आधी सगळा संघ तालमीत जमला होता. मोजे घालून आलेला तो गोलकीपर आता पोरांना शिकवत होता. मामा काठी टेकत आले, पण आत येईनात. बाहेर पायरीवर बसले.

मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. "पोस्टर छापायच्या आधी मी बघितलं हुतं. जांभळा रंग दिसत असताना 'चालेल' म्हणालो. मामांनी विचारलं तवा प्रेसवाल्यांवर ढकललं. मामा तुमच्याशी खोटं बोलले न्हाईत, मी त्यांच्याशी बोललो." मग मी पायरीकडं वळलो. "मामा, चुकलं माझं."

मामांचे दोन्ही हात काठीवर होते. हात तिथंच राहिले, पुढं आले नाहीत.