साबणाचे विरजण

आमच्या वहिनींचा साबण दिसायला काही चांगला नव्हता. रंग जुन्या मेणबत्तीसारखा पिवळट, कडा वाकड्यातिकड्या, आणि सुवास म्हणाल तर त्याच्याशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. पण कपडे असे निघायचे की गोदामातल्या हमालाने माझी कॉलर पाहून एकदा विचारले, घरी धोबी ठेवलाय की काय? मी नुसता हसलो. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्चा. कामही मालाच्या खोक्यांवर ब्रशने पत्ते घालण्याचे, त्यामुळे दोन-चार ओळींच्या पुढे लिहायची वेळ फारशी आली नाही. हे जमेल की नाही कोण जाणे. पण वहिनींबद्दल कुणीतरी लिहायला हवे होते आणि घरात रिकामा असा मीच.

साबण सुरू केला तो माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने. तो पंपांच्या कारखान्यात फिटर होता. कारखान्यात काम कमी झाले, पगार अर्ध्यावर आला आणि कपड्यांवरचे ग्रीस मात्र होते तेवढेच राहिले. दुकानातली वडी त्याच्या दोन पँटींतच विरघळून जायची. बरोबरच्या कुणी तरी त्याला सांगितले की साबण म्हणजे दुसरे काय, तेल आणि कॉस्टिक सोडा. कोपऱ्यावरच्या खाणावळीत तळणीचे जळके तेल टाकूनच देत होते. दादाने ते मागून आणले, फडक्यातून गाळले, जुन्या टेबलाचा एक खण ओढून काढला, त्यात कागद अंथरला आणि पहिला घाणा ओतला.

तो जमलाच नाही. आठवडाभर खणात नुसती खळ. वहिनी येताजाता त्यात बोट बुडवून बघायच्या आणि विचारायच्या, हा साबण अंगाला लावायचा की चमच्याने वाढायचा?

दादाने तो टाकला नाही. दुसऱ्या खेपेला सोडा नीट तोलून घेतला आणि नवे मिश्रण घोटता घोटता ती जुनी खळही त्यात थोडी थोडी करून संपवली. दुसऱ्या दिवशी खण उलटा केला तर आत वीट. पहिल्या वेळी सोडा कमी पडला होता, हे दादाला ठाऊक होते. पण वहिनींनी डोळ्यांनी एवढेच पाहिले होते की जुने नव्हते तेव्हा जमले नाही, आणि जुने घातले तेव्हा जमले. त्यांनी लगेच निकाल देऊन टाकला. दह्याला लागते तसे यालाही विरजण लागते.

दादा पोट धरून हसला. पण बायकोचे मन मोडणारा तो नव्हता. तेव्हापासून घाणा संपत आला की शेवटचा तुकडा बाजूला ठेवायचा आणि पुढच्या घाण्यात किसून टाकायचा, हा घरचा कायदा झाला. पुढे पुढे दादाच घोटता घोटता विचारायचा, "विरजण घातलंस का गं?" हा थट्टा करतोय की त्यालाही आता खरे वाटू लागलेय, ते शेजारी उभे राहूनही मला कळत नसे.

दादा गेला, त्याच्या आधीच्या महिन्यात त्याने एक घाणा ओतला होता. फळीवर वड्या वाळत होत्या आणि तो नव्हता. वहिनींनी त्या वड्या संपेपर्यंत साबणाचे नाव काढले नाही. शेवटची वडी चपटी झाली तेव्हा तिचा तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून एका पत्र्याच्या डबीत ठेवला आणि मला म्हणाल्या, भावजी, खाणावळीतून तेल आणाल का?

मग त्या शिकल्या. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही, नाहीतर उसळून तोंडावर येते. भांडे स्टीलचेच हवे. एकदा ॲल्युमिनियमचे घेतले तर ते फसफसून काळे पडले आणि कामातून गेले. खिडकी उघडून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. सोड्याचे पाणी तेलात ओतून लाकडी डावाने एकाच दिशेने घोटायचे आणि डाव उचलल्यावर धारेची रेघ वरच्या वर राहिली की किसलेले विरजण टाकून खणात ओतायचे. दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापायच्या आणि महिनाभर फळीवर वाळवायच्या. वाळल्या का ते पाहायला वहिनी वडीला जिभेचे टोक लावत. झोंबले की परत फळीवर. वड्या तयार झाल्या की जिन्याच्या प्रत्येक घरात एकेक जायची. घरचा साबणाचा खर्च कधीच बंद झाला होता. पण मला वाटते, आता तो एवढ्यासाठी राहिला नव्हता.

पुतण्याचे लग्न झाले आणि सूनबाई आली. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, हाताला चपळ, सासूचे मन जिंकायची घाई झालेली. एकदा तिला सुट्टी होती. वहिनी सोडा आणायला बाहेर गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी नवा घाणा घालायचा होता. तेवढ्यात सगळे धुऊन टाकू, या विचाराने सूनबाईने चादरी काढल्या, उश्यांचे अभ्रे काढले, वहिनींची जुनी शालसुद्धा काढली. न्हाणीत साबण नव्हता. तिने शोधले तर कपाटात डबी, डबीत तुकडा. तो कशासाठी ठेवलाय, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. वहिनी परत आल्या तेव्हा दोरीवर सगळे घर वाळत होते आणि कट्ट्यावर डबी उघडी पडली होती.

वहिनींनी सोड्याचा पुडा फळीवर ठेवला आणि शालीवरून हात फिरवून म्हणाल्या, छान निघालीय.

दुसऱ्या दिवशी घाणा झाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेलाचा डबा तसाच कोपऱ्यात. शेवटी वहिनींनी जेवता जेवता सांगून टाकले की आता साबण करायचा नाही, दुकानातून पावडर आणा.

पुतण्याला वाटले, आईची समजूत काढणे सोपे आहे. तो म्हणाला, "अगं, साबण म्हणजे काय दही आहे? विरजण-बिरजण काही नसतं. तेल आणि सोडा, झालं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं घोटतेय, एवढंही कळत नसेल होय? पण तुझ्या बाबांच्या हातचं थोडं थोडं पुढे येत होतं. ते तुटलं. आता माझ्या हातून होणार नाही."

सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

पावडर आली. निळे दाणे, फुलांचा वास, आणि पुडा असा उतरायचा की जणू रात्री कुणी खातेय. सूनबाई चमच्याने मोजून घालायची. पुतण्याने बाहेरचा चहा बंद केला, कारण सांगितले पित्ताचे. माझ्या मनगटांना खाज सुटली, मी ती बाह्यांखाली लपवली. पण खरा त्रास वहिनींकडे बघण्याचा होता. दुपारी त्या आवरलेले कपाट पुन्हा आवरत. मग रिकामा खण पुसत आणि ठेवून देत. खाणावळवाल्याने निरोप धाडला, तेल साठलेय, न्यायला या. त्या म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला द्या.

सुनेवर त्या रागावल्या असत्या तर तिला बरे वाटले असते. पण त्या तिच्याशी पाहुण्यासारख्या गोड वागू लागल्या. तिने झाडू उचलला की म्हणायच्या, राहू दे, मी करते.

पुढच्या सुट्टीला सकाळी सूनबाई दह्याच्या विरजणाची छोटी रिकामी वाटी पदराखाली झाकून जिन्यात उभी दिसली. मला म्हणाली, "काका, बरोबर चला ना. तुम्ही नुसते उभे राहा. मला एकटीला लाज वाटते."

लाजेच्या बाबतीत तिने चुकीचा माणूस धरला होता. तरी गेलो.

बसड्रायव्हरची बायको म्हणाली, संपला हो, उलट आम्हीच विचारणार होतो नवा घाणा कधी. शिवणकामवाल्या काकूंनी साबणदाणी आणून दाखवली, तिच्या तळाशी नुसता ओशट डाग. इस्त्रीवाल्याने माफी मागितली, जशी काही त्याने चोरीच केली होती. राहिल्या तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाई. वहिनींची वडी हातात पडली की नाकाशी नेऊन "वा, किती छान!" म्हणायच्या, दरवेळी.

या वेळी मात्र बाईंनी आम्हाला आत घेऊन दार लावले आणि हळूच सांगितले की त्यांनी तो कपड्यांना कधी लावलाच नाही. तळणीचा वास येतो असे त्यांना वाटायचे. पण टाकवेना. मग खिडक्यांच्या चौकटी आणि टेबलाचे खण अडकायचे, त्यांना चोळत होत्या. खिडकीखालून त्यांनी अर्धी वडी काढून दिली. तिच्यावर चौकटीचे खोल चर, त्यांत लाकडाचा भुसा आणि हिरव्या रंगाच्या कपच्या.

"तुमच्या सासूबाईंना सांगू नका हं," त्या म्हणाल्या.

वर आल्यावर सूनबाईने वाटी वहिनींच्या पुढ्यात ठेवली. "आई, घरातलं विरजण संपलं की शेजारून आणतो ना आपण? हे आणलंय. आपल्याच घरचं आहे."

वहिनींनी वडी उचलली. या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. नखाने हिरवी कपची काढली.

"कुणाकडची?"

सूनबाई वाटीकडे पाहू लागली. मी छताकडे.

"हा रंग बाईंच्या खिडक्यांचा," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे मी महिनाभर वाळवायचा, जिभेवर चाखायचा, आणि तिने खिडक्यांना चोळायचा. वर दरवेळी वास घेऊन वा, वा." त्यांनी ओठ घट्ट मिटले. मला वाटले, आता सगळे फिसकटले. पण त्यांचे खांदे हलू लागले, आणि मग त्या तोंडावर हात धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यातले किती पाणी हसण्याचे होते ते मी विचारले नाही.

डोळे पुसून त्यांनी सुरी मागितली. रंग, भुसा, चर, सगळे तासून काढले. आत पिवळट, स्वच्छ तुकडा निघाला, अंगठ्याएवढा. मग मला म्हणाल्या, भावजी, तेलाचा डबा टाकला नाहीत ना? मी नव्हता टाकला.

दुपारी खिडकी उघडून त्या घोटायला बसल्या. सूनबाईने तुकडा किसणीवर किसला. डावाची रेघ वरच्या वर राहू लागली तेव्हा वहिनींनी हात न थांबवता तिला म्हटले, "घाल. आज तू घाल विरजण."

सूनबाईने वाटी उलटी केली आणि बोटाने पुसून शेवटचा कणसुद्धा सोडला.

महिन्याने वड्या फळीवरून उतरल्या. एक तुकडा डबीत गेला, आणि आता डबीवर मी माझ्या ब्रशने जाड अक्षरात "विरजण" असे लिहून दिले आहे. बाकीच्या वड्या जिन्यात वाटायला सूनबाई निघाली तेव्हा तळमजल्यावरच्या बाईंना द्यायची की नाही, म्हणून ती घुटमळली. वहिनींनी फळीवरची सगळ्यात मोठी वडी निवडून तिच्या हातात ठेवली.

"दे तिला. लावू दे खिडक्यांना. तिच्याकडे टिकतो तरी."