घरात मराठीच

मुलगी चार वर्षांची असताना मी घरात एक नियम केला. काहीही हवं असेल तर तिने ते मराठीत मागायचं, तेव्हाच मिळेल. नियम कुणी सुचवला नव्हता.

आमच्या घरात दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलतात. मी परभणीत एका मराठी दैनिकाचा वार्ताहर आहे. मराठी भाषा थोडी शाळेत शिकलो, उरलेली बातम्या लिहिता लिहिता. उमेदवारीच्या काळात माझी बातमी भाषेच्या चुकांसकट कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवत आणि सगळे हसत. मुलीवर ती वेळ येऊ नये, एवढंच कारण होतं. बायकोचं माहेर पूर्णेचं. तिला मराठी समजते, बोलताना अडते.

अंगणवाडीत मुलीचं बरं चाललं होतं. खिचडीच्या रांगेत उभी राहून ती स्वतःशी पुटपुटायची, "ठैर, तेरा नंबर आरा. ठैर." ताट हातात येईपर्यंत हे चालायचं.

"बाकीची लेकरं ताटल्या वाजवायलेत," ताई एकदा हसत म्हणाल्या, "अन् ही हेडमास्तरीण सोताच सोताला दम देती."

"मराठी बोलते का?"

"बोलती की. दोन्ही मिसळून बोलती. येईल हो, घाई काय हाय?"

मला घाई होती.

ती "अब्बू, पानी" म्हणाली की मी ऐकलंच नाही असं दाखवायचो. ती पुन्हा म्हणायची, मग मराठीत म्हणायची, मग मी पेला द्यायचो. अब्बूचं बाबा झालं. बायकोलाही बजावलं. ती म्हणाली, "बच्ची से बात करूँ के इम्तिहान दूँ?" दोन महिने कर, मी म्हणालो. तिने वाद घातला नाही. मुलीशी बोलणंच कमी केलं. जेवायला ये, झोप, हात धू. तेवढी मराठी तिला येत होती.

मुलगी ठोकळे रचताना पुटपुटायची तेव्हाही मी दारातून टोकायचो, "मराठीत." ती थांबायची. मग ठोकळा उचलून भिंतीवर फेकायची. मला तो हट्ट वाटला.

दीड महिन्याने ताईंचा फोन आला. रांगेत मुलांना ढकलते. आज एका मुलीच्या दंडाला चावली.

"पुटपुटत नाही का आता?"

"न्हाई हो. गुमान उभी राहती अन् एकदम भडकती. आधी सोताला समजावायची, आता आमी समजावलं तरी ऐकंना. घरी काय झालं का?"

"काही नाही," मी म्हणालो. ते खरं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नियम बंद केला. बायको दखनीत बोलू लागली, मीही. मुलगी मला मराठीतच उत्तर द्यायची, एका वाक्यात. सवय आहे, जाईल, असं मी धरून चाललो.

एका दुपारी लवकर घरी आलो. दारात बूट काढताना स्वयंपाकघरातून दोघींचा आवाज आला. मुलगी दखनीत सांगत होती, अंगणवाडीतल्या शेळीचं काहीतरी, धाप लागेपर्यंत. शेळी खिचडीच्या पातेल्यात तोंड घालते आणि मदतनीस बाई झाडू घेऊन तिच्यामागे धावतात, असं ते होतं. बायको हसत मधेमधे काही विचारत होती. मी आत गेलो. बायको मला पाहूनही बोलत राहिली. मुलीने वळून पाहिलं आणि आपला हात आईच्या तोंडावर ठेवला.

"नको, अम्मी. बाबा आले."

मी खाली बसलो. "बोल बेटा, अब्बू कू बी बता. फिर क्या हुआ बकरी का?"

ती सरळ उभी राहिली. "आम्ही लसूण सोलत होतो, बाबा."

वाक्य बिनचूक होतं. बायको लसणाच्या पाकळ्या गोळा करू लागली.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. बऱ्याच वेळाने आत बोलणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा हळू. शब्द मला नीट ऐकू येत नव्हते. मी तिथेच बसून राहिलो, कारण आत गेलो असतो तर तेही थांबलं असतं.