आच ओळखणारे काका

"आधी ती ट्यूबलाइट घालवा," असं म्हटल्याशिवाय काकांनी कधी फुंकणी ओठांना लावली नाही. केबिन रोडवरच्या आमच्या दागिने घडवायच्या क्लासात पहिल्याच दिवशी हे ऐकून पोरं एकमेकांकडे बघायची. फी भरून अंधारात बसायचं! तुम्हीही हसला असतात.

पण काकांचं खरं होतं. जोड देताना, म्हणजे दोन तुकडे तापवून सांधताना, धातू किती तापलाय ते त्याच्या रंगावरून ओळखायचं असतं. मंद उजेडात तो हळूहळू लाल होताना दिसतो. लखलखाटात काहीच दिसत नाही, आणि कळतं तेव्हा तुकडा वितळलेला असतो. "धातू स्वतः सांगतो, पुरे म्हणून. घाई असेल त्यानं वडे तळावेत," ते म्हणायचे.

सराव पितळेवर, पण कानशीनं घासताना पडलेला कीस ते सोन्यासारखा डबीत भरायला लावायचे. "काका, पितळ आहे हो!" कोणी म्हणालं की उत्तर ठरलेलं. "हाताला कुठं माहितीय?"

मी तिथे कॉम्प्युटरवर डिझाइन शिकवायचे. मुलांसमोर ते मला 'म्याडम' म्हणायचे, चहाला बसलो की 'बाय'. मूळचे रायगडकडचे, राहायला गोडदेवला. कारखान्यात मशीन आल्यावर घरी बसले होते, त्यांना या क्लासनं पुन्हा उभं केलं. "बाय, चाळीस वर्षांत मला कोणी सर म्हणालं नव्हतं," एकदा म्हणाले आणि लाजले.

मागच्या वर्षी मालकांनी क्लासचा व्हिडिओ काढायचं ठरवलं. नया नगरातल्या एका मुलीनं आईसाठी चांदीची अंगठी घडवली होती. तिचा शेवटचा जोड काका देणार होते. कॅमेरावाल्यानं दोन मोठे दिवे थेट टेबलावर लावले.

"भाई, लाइट थोडा कम करो," काका म्हणाले.

"चाचा, फिर दिखेगा क्या?" कॅमेरावाला म्हणाला. सगळे हसले. मालकही हसले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मालक माझं ऐकायचे. पण त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती, आणि मी कागद चाळत राहिले. मला लाज वाटते हे लिहिताना, पण झालं ते असं झालं.

काकांनी आच दिली. अंगठी क्षणभर जशीच्या तशी होती, मग एकदम बसली आणि तिचा गोळा झाला. काका फुंकणी हातात धरून तसेच उभे राहिले. "सर, अब उम्र हो गई," मालक हसत म्हणाले. दुसऱ्या सोमवारपासून काकांना कोणी बोलावलं नाही. काकांचं बघून शिकलेलं हाताचं काम आता मीच शिकवू लागले.

दोन महिन्यांनी मी गोडदेवला गेले. काका खाटेवर बसले होते, हात मांडीवर. बरेच वाळले होते.

"डोळे गेले गं माझे. डॉक्टर म्हणतो, चांगलेत. त्याला काय कळतंय आमच्या कामातलं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. काका, तुमचे डोळे शाबूत आहेत, चूक दिव्यांची होती. पण ते बोलायचं तर मला व्हिडिओच्या वेळीच ठाऊक होतं, हेही कबूल करावं लागलं असतं. मी म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवा."

"नको. त्या पोरीला सांग, म्हाताऱ्याला माफ कर. आणि पोरांना माझी चूक नीट समजावून सांग. त्यांच्या हातून नको व्हायला."

मी "हो" म्हणाले.

पावसाळा संपता संपता काका गेले. त्यांच्या सुनेनं मला दारातच सांगितलं, शेवटी ते चहाचा कपही हातात घ्यायचे नाहीत; म्हणायचे, माझ्या हातात काही देऊ नका, बिघडेल.