भिंतीवरचा कागद

इटलीतल्या डोंगरावरच्या एका जुन्या गावात, दगडी पायऱ्यांच्या गल्लीत आम्ही फोटो काढत होतो. शेकडो वर्षांची भिंत, तिच्या फटींतून उगवलेलं गवत आणि मधोमध चिकटवलेला काळ्या चौकटीचा छापील कागद. जत्रेची जाहिरात असेल, असं समजून मी बायकोला नेमकं तिथेच उभं केलं.

"अगं, जरा हस की! पासपोर्टचा फोटो नाही काढत."

ती मनापासून हसली. तेवढ्यात एक म्हातारा पायऱ्या चढून आला आणि आमच्यामुळे थांबला. त्याने टोपी काढून हातात धरली. काय ही यांची सभ्यता, असं मला वाटलं, आणि मी आणखी चार फोटो काढले. आम्ही बाजूला झाल्यावर तो पुढे आला, चष्मा लावून त्याने कागद वाचला आणि त्यावरच्या नावावरून हळूच दोन बोटं फिरवली.

तेव्हा कुठे मला कागदावरचा क्रूस दिसला.

आमच्या गावीही कुणी गेलं की चौकातल्या फळ्यावर खडूने लिहितात. त्या फळ्यापाशी मी कधी मोठ्याने बोललोसुद्धा नाही. इथलं मरण मात्र मला शोभेचं वाटलं.

"अहो, सॉरी तरी म्हणा त्यांना," बायको कुजबुजली.

मला त्यांच्या भाषेत फक्त 'धन्यवाद' येत होतं, मी तेच पुटपुटलो. आम्ही समाचाराला आलोय असं त्याला वाटलं असावं. भरल्या डोळ्यांनी त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

माझ्या दुसऱ्या हातातल्या फोनवर बायको अजून हसत होती.